विहीणबाई, तुमचा सरपंच जेवला

विहीणबाई, तुमच्या पिंडाला कावळा शिवला नाही. कुत्रं शिवलं. शिवलं कसलं, अख्खा पिंड खाल्ला, पान चाटलं आणि वर शिंकलं. आधी ही बातमी तुमच्या कानावर घालते, मग बाकीचं. तुम्ही वरून काय पाहिलंत कुणास ठाऊक, पण भाजे गावात ह्या गोष्टीला आत्ताच पाय फुटलेत. एका आवृत्तीत तर मीच त्याला पिंडावर सोडलं असं आहे म्हणे. मी सोडलं नाही हो. तो गेला.

आणि तो जेवला. तुम्ही गेल्यापासून ज्यानं आपणहून एक घास घेतला नव्हता, तो तुमचा सरपंच जेवला. घाटावर सगळ्यांचं 'हाड हाड' करून झालं आणि मी तोंडाला पदर लावून उभी होते. हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तसा पडला एकदाचा.

आपलं नातं लोकांना चमत्कारिक वाटायचं. मी मुलीची आई, लोणावळ्याची, जन्मभर शाळेत पोरांचे कान पिळलेली. तुम्ही मुलाची आई, व्याही गेल्यापासून भाज्याला एकट्या भातखाचरात पाय रोवून उभ्या. विहिणींनी एकमेकींना साड्या नेसवाव्यात, मान द्यावा आणि शक्यतो लांब राहावं, अशी आपल्याकडची रीत. तशा आपण राहिलोही होतो. माझी रेवती तुमच्या संदीपला दिली तेव्हापासून तुम्ही मला 'बाई' म्हणत होतात आणि मी तुम्हाला 'विहीणबाई'. दिवाळीला फराळाचे डबे, संक्रांतीला तिळगूळ, झालं. खरं बोलणं सुरू झालं ते भांडणापासून, आणि भांडण सुरू झालं ते ह्या मूठभर कुत्र्यावरून.

तुम्हाला हे अर्धंच माहीत आहे, म्हणून सांगते. तळेगावच्या फ्लॅटसाठी कुत्रं घ्यायचं ठरलं तेव्हा रेवतीनं आधी मला फोन केला होता. शित्झू म्हणे. लांब केसांचं, चपट्या नाकाचं. "छोटंसं तर असतं गं आई, मांडीवर मावतं." मी म्हटलं, "तूही मांडीवर मावत होतीस. नोकरी करताना तुला सांभाळायला बाई ठेवली होती, तिचा पगार मला अजून आठवतो." तिला ते लागलं. पण मी खोटं काय बोलले? संदीपची कंपनीत शिफ्ट, ही बँकेतून संध्याकाळी उशिरा येणार, दिवसभर घरात कोण? विकत घेतानाची किंमत एकदाच जाते, ती सोडा. पुढे त्याच्या इंजेक्शनांचं काय, जंताच्या औषधाचं काय, केस कापायला पार्लर, सुट्टीत गावाला जायचं तर त्याला ठेवायचं कुठे? नाक चपटं म्हणून उन्हात धाप लागते, डोळे बाहेर म्हणून रोज पुसावे लागतात. आणि चौदा-पंधरा वर्षं जगतं. म्हणजे दहावीला बसवेपर्यंतची जबाबदारी! रेवती म्हणाली, "तू ना, कशातही खोट काढतेस." आणि त्या रविवारी दोघं जाऊन घेऊन आली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. घर बंद झालं की ते रडायचं. लहान कुत्रं म्हणून आवाज लहान असेल अशी ह्या दोघांची समजूत. सगळा जिना गोळा व्हायचा. सोसायटीच्या चेअरमननं दोनदा दार वाजवलं. मग रेवतीचा मला फोन, "आई, फक्त पंधरा दिवस ठेवतेस? काहीतरी सोय होईपर्यंत?"

मी नाही म्हणाले. सरळ, तोंडावर.

माझं कारण तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, पण तुम्हाला ते माहीत होतं. माझ्या ह्यांना अर्धांगवायू झाला आणि ते गादीला खिळले, तो सगळा काळ मी घड्याळाला बांधलेली होते. आधी सिरिंजनं, मग नळीतून भरवायचं, कूस बदलायची, डायपर बघायचं, आणि पुन्हा भरवायचं. वैताग यायचा, मग त्या वैतागाची लाज वाटायची. ते गेले तेव्हा मी रडले आणि दुसऱ्या दिवशी सलग झोपले, आणि मनाशी ठरवलं, आता बस. आता माझ्या भरवशावर कुणीही जगायचं नाही. घरातल्या कुंड्यासुद्धा मी शेजारणीला देऊन टाकल्या. चांगली चाकांची बॅग घेतली. आमच्या बायकांच्या ग्रुपबरोबर केरळ करून आले, राजस्थान करून आले. घराला कुलूप लावताना मागे कुणी वाट बघणारं नाही, हे सुख मला फार उशिरा मिळालं होतं. ते मी एका चपट्या नाकासाठी सोडणार नव्हते.

तर मी नाही म्हणाले आणि कुत्रं तुमच्याकडे आलं. तुम्ही संदीपला म्हणालात, "आन की हिकडं. हितं काय जागा कमी हाय? येक त्वांड वाढलं." पंधरा दिवस म्हणून आलेला तो तिथलाच झाला.

पहिल्यांदा बघायला आले तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. लोणावळ्याहून गाडीत बसले, मळवलीला उतरले, चालत तुमच्या दारात आले, तर हा ओट्यावर पाय पसरून बसलेला. समोर रस्त्यावरून लेणी बघायला निघालेली पोरंपोरी त्याचे फोटो काढतायत आणि हा मान वळवून त्यांच्याकडे बघतही नाही. मी म्हटलं, "ह्याचं नाव कोको ना?" तुम्ही म्हणालात, "ते नाव न्हाई चालायचं. को-को केलं की माज्या कोंबड्या गोळा व्हत्यात. मिशा बगा की ह्याच्या. दिसभर ओट्यावर बसून रस्ता बगतोय, काम एक न्हाई. सरपंचच हाय ह्यो." तुमचे दीर, आबा, तिथेच बसले होते, ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून गाव त्याला सरपंच म्हणायला लागलं. खऱ्या सरपंचबाई तुमच्याकडे चहाला आल्या तेव्हा तुम्ही त्याला आत कोंडून ठेवलंत आणि वरून "सरपंच, गप बस!" म्हणून ओरडलात. त्या बिचाऱ्या दचकल्या. आठवलं की अजून हसू येतं.

पण मी पाहिलं ना, त्या कुत्र्यानं तुमच्याकडून काय काय घेतलं. पोरांनी खर्चाचा विचार केला तो पैशाचा, आणि तोही अर्धवट. तुमचा विचार कुणी केलाच नाही. आपल्याकडचा पाऊस, चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे हा केसांचा गठ्ठा कसा वाळायचा? ओल राहिली की त्याला खाज सुटायची, कातडीला वास यायचा. तुम्ही चुलीपुढे त्याला मांडीवर घेऊन फडक्यानं पुसत बसायचात. मी माझा हेअर ड्रायर आणून दिला तर तुम्ही लाजलात, म्हणालात, "लोक काय म्हनत्याल, म्हातारी केस वाळवाया लागली." पुढे भाताची कापणी आटोपल्यावर एकदा तुम्ही कातर घेऊन त्याचे सगळे केस छाटून टाकलेत. रेवती आली आणि किंचाळलीच. "आई, काय केलंत हे! पार्लरमध्ये न्यायचं असतं त्याला!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "आगं जीव घाबरत व्हता त्याचा. आन् पार्लरला मी कवा गेले न्हाई, त्यो कशाला जातोय?" इकडे एक कान मोठा, तिकडे एक लहान, मधे टक्कल. पण गडी खूश होता, मला कबूल करायला हवं.

आणि बिबट्या. डोंगराच्या कडेनं त्याची ये-जा असतेच, गावातली दोन-तीन कुत्री त्यानं नेलीही. मोठं कुत्रं निदान भुंकतं तरी, हा म्हणजे त्याला नुसता एक घास. दिवेलागणीला ओट्यावर बसून शेजारणींशी बोलायचं हा तुमचा जन्माचा नेम. तो तुम्ही मोडलात. ऊन उतरलं की ह्याला उचलायचं, आत जायचं, दाराला कडी. शेजारणी म्हणायच्या, हौसाबाई शिष्ट झाली. वडिवळ्याला तुमच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. माहेरचं लग्न! हळदीला राहिला नाहीत, लग्न लावून त्याच दिवशी परत. मी तुम्हाला म्हटलं होतं, "बघा, अडकलात ना? मी सांगत होते." चहा पीत होतो आपण. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "आडाकले तर आडाकले, बाई. मी घरी यायची कोन तरी वाट बगतंय. तुमची कोन बगतं?"

मला राग आला. मी म्हटलं, "माझी कुणी वाट बघत नाही म्हणूनच मी सुखात आहे." तुम्ही म्हणालात, "व्हय व्हय, दिसतंय की." आणि मला आणखी राग आला. तरातरा उठले आणि स्टेशनवर आले, गाडीला अजून वेळ होता, फलाटावर बसून तुम्हाला मनातल्या मनात उत्तरं देत राहिले. एकही उत्तर नीट जमलं नाही. हे भांडण आपलं तसंच राहिलं. पुढच्या महिन्यात मी पुन्हा आले, तुम्ही पुन्हा चहा ठेवलात, विषय कुणी काढला नाही.

दर महिन्याला येताना मी त्याच्या खाण्याची पिशवी आणायचे. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या चॉकलेटी गोळ्या. भात, भाकरी देऊ नका, लहान जातीचं पोट नाजूक असतं, दात लवकर जातात, हे मी तुम्हाला वर्गात शिकवल्यासारखं समजावलं होतं. तुम्ही मान डोलवायचात. "खातो ना?" विचारलं की "लय आवडीनं खातो!" आणि मी समाधानानं गाडी पकडायचे.

थंडीत तुम्हाला पहिला झटका आला. त्यातून उठलात आणि निरवानिरव सुरू केलीत. आम्ही सगळे ओरडलो, असं अभद्र कशाला, पण तुम्ही कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हेच. खाचर रिसॉर्टवाल्याला द्यायचं नाही, हे संदीपला बजावलंत. बोरमाळ रेवतीला घातलीत. गाय आबांकडे. पातेली कुणाला, पाटा कुणाला, सगळं तोंडी सांगून झालं. मी तेव्हा आठ दिवस तुमच्याकडे राहायला होते. मी वाट बघत होते. आता म्हणतील, मग म्हणतील, 'बाई, माज्या मागं सरपंचाला तुमी न्या.' मी नकार अगदी तयार ठेवला होता. गोड शब्दात, पण ठाम. माझे गुडघे, दुसरा मजला, माझ्या सहली, सगळं मनात लावून ठेवलेलं.

तुम्ही विचारलंच नाहीत. सगळ्याचं सांगितलंत, त्या कुत्र्याचं चकार शब्दानं नाही. तो तुमच्या पायाशी घोरत पडलेला आणि तुम्ही पाट्या-वरवंट्याचं बोलताय! सुटले म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. पण खरं सांगू का, मला वाईट वाटलं. म्हणजे ही बाई मला इतकीही जवळची समजत नाही? नाही म्हणण्यापुरतंसुद्धा विचारू नये?

मग तुम्ही गेलात. दुसरा झटका, तळेगावचं हॉस्पिटल, आणि फार हाल न होता सुटलात. ह्याचं मला अजून बरं वाटतं, विहीणबाई. नळ्या, गादी, कूस बदलणं, ते तुमच्या वाट्याला आलं नाही. तुम्हाला कुणी चमच्यानं पाणी पाजतंय हे मला बघवलं नसतं, आणि तुम्ही तर ते होऊच दिलं नसतं.

घरात सगळ्यांना सुतक. मी विहीण, मला नाही. म्हणून देवापुढचा दिवा आणि कुत्रं, दोन्ही माझ्या गळ्यात आलं. दिव्याचं सोपं होतं. सरपंच तुमच्या खाटेखाली गेला आणि तिथेच बसला. मी गोळ्या ठेवल्या, त्यानं बघितलं नाही. दूध ठेवलं, साय आली त्यावर. शेजारून कुणी कोंबडीचा रस्सा पाठवला, त्यातले तुकडे धुऊन ठेवले. दहीभात कालवून वाटीत ठेवला. हुंगून मान फिरवली. डॉक्टरांकडे तळेगावला घेऊन गेलो तर ते म्हणाले, "मोठं कुत्रं उपाशी काही दिवस काढतं हो. ह्याला तेवढं अंगच नाही, साखर पटकन उतरते. भरवत राहा." सलाइन लावलं, हातात सिरिंज दिली.

सिरिंज हातात घेतली. एवढ्या वर्षांनी! बोटांना सगळं आठवत होतं. गालाच्या कडेनं, हळूहळू, ठसका लागू न देता. ग्लुकोजचं पाणी, पातळ केलेली पेज. मी त्याला मांडीवर घेऊन भरवायचे आणि तुम्हाला शिव्या द्यायचे. मोठ्यानं. रेवतीनं ऐकलं असेल. "स्वतः सुटलात आणि हे माझ्या मांडीवर टाकून गेलात," असं म्हणायचे. तो माझ्याकडे त्या बाहेर आलेल्या डोळ्यांनी बघत गिळायचा, निम्मं ओघळायचं. दिवसेंदिवस हलका होत चालला होता. मला कळत होतं, हा जाणार. आणि मला ते चालणार नव्हतं. कुत्रं नको म्हणणारी मी, पण माझ्या हातात आणखी एक जीव असा विझत जाणार, हे मला सहन होणारं नव्हतं.

दहाव्याला घाटावर त्याला एकट्याला घरी ठेवायला धजावले नाही. शालीत गुंडाळून घेऊन गेले. गर्दी चांगली होती तुमच्या दहाव्याला, ऐकून बरं वाटेल. प्रवचन झालं, दोन पुढाऱ्यांची भाषणं झाली, त्यातल्या एकानं तुमचं नाव चुकवलं. मग पिंड मांडले आणि सगळे लांब सरकून झाडाकडे बघत उभे राहिले. कावळे होते, विहीणबाई. चांगले पाच-सहा होते. एकही खाली उतरेना.

संदीप पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "आई, खाचर विकणार नाही. शब्द देतो." कावळे हलले नाहीत. रेवती म्हणाली, "आई, गावचं घर उघडं ठेवू, सणावाराला येऊ." नाही. आबा म्हणाले, "गाय मी सांबाळतोय, वैनी, काळजी करू नगं." काही नाही. मग कोण कोण पुढे यायला लागलं. तुमच्या चुलतजावेनं तुमच्याशी बांधावरून केलेली भांडणं मागे घेतली. भाच्यानं दारू सोडली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणि कावळे आपले फांदीवर पंख खाजवतायत.

ह्या सगळ्यात गुडघे दुखायला लागले म्हणून मी पायरीवर टेकले होते, तर मांडीवर हालचाल झाली. शालीतून तोंड बाहेर आलं, नाक वर. मी धरेपर्यंत तो खाली उतरला होता. पायात जोर नव्हता, लटपटत, थांबत, तो माणसांच्या पायांमधून पुढे गेला. सगळे वर बघत होते, खाली कुणाचं लक्ष? आणि थेट पानापाशी जाऊन त्यानं भाताचा गोळा तोंडात धरला.

"हाड! हाड! अरे धरा त्याला!" एकच गोंधळ. गुरुजी उठले, संदीप धावला. मी ओरडले, "कुणी हात लावायचा नाही त्याला!" वर्गात ओरडायचे तशी. सगळा घाट गप्प झाला. अगदी पुढारीसुद्धा. त्या शांततेत त्याच्या चावण्याचा मचमच आवाज ऐकू येत होता.

मग आबा पुढे आले. काठी टेकली आणि म्हणाले, "खाऊ द्या रं त्याला. वैनी रोज असाच गोळा करून घालायची त्याला. मुटका वळायची, हातावं ठिवायची, मग खायाचा त्यो. आन् त्यानं खाल्ल्याबिगर ती जेवायची न्हाई."

मी म्हटलं, "आबा, आणि त्या गोळ्या? मी आणत होते त्या?"

"त्या व्हय," आबा म्हणाले, "त्या कोंबड्यांना घालायची ती."

विहीणबाई! दर महिन्याला मी ती पिशवी उचलून मळवली स्टेशनपासून चालत यायचे हो! आणि तुम्ही "लय आवडीनं खातो" म्हणायचात तेव्हा कोण खात होतं, तर कोंबड्या! मी तिथे घाटावर, सगळ्या पाहुण्यांसमोर, एवढ्या मोठ्यानं हसले की रेवतीनं माझा दंड धरला. तिला वाटलं, आईला काहीतरी झालं. मग तिलाही हसू फुटलं. मग आबांना. दहाव्याला कुणी हसतं का? तुमच्या हसले.

गुरुजी भले माणूस. म्हणाले, श्राद्धात श्वानाचा वाटा काढतातच, आज त्यानं जरा आधी घेतला. दर्भाचा कावळा केला, दुसऱ्या पिंडाला शिववला आणि विधी पुरा केला. चुलतजावेची बांधावरची माघार मात्र उगीचच झाली, तिला आता ती परत घेता येत नाही. भाच्याचीही तीच अडचण आहे.

त्या दिवशी घरी येऊन मी इंद्रायणीचा मऊ भात केला, थोडं दही, मीठ नाही. मुटका वळला. तुमच्यासारखा जमला नाही, फुटत होता. तळहातावर ठेवून खाली बसले, गुडघे कुरकुरले. तो खाटेखालून आला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि खाल्लं. त्याची ओली मिशी हाताला लागली. मी किती वेळ तशीच बसून राहिले, भात संपला तरी. तुम्ही मला जे सांगत होतात आणि मी फलाटावर बसून ज्याला उत्तरं शोधत होते, ते मला तेव्हा समजलं. तुम्हाला एकदा तरी 'अगं' म्हणून हाक मारायची होती मला. हौसा, अगं, बरोबर होतं तुझं, असं. विहिणीच्या मानापायी राहून गेलं.

तेरावा झाला, गोडाचं जेवण झालं, मंडळी पांगली. मी बॅग भरायला घेतली. आणि पुन्हा तेच. सरपंचाचं काय, हे कुणी बोलेना. संदीप-रेवतीला फ्लॅटवर नेता येणार नाही, हे आधीच कळून चुकलेलं. आबांच्या घरी दोन दांडगे गावठी कुत्रे, ते ह्याला फाडतील. मग? मी वाट बघतेय, कुणीतरी माझ्याकडे बघेल, चाचरत विचारेल. नकार अजून होता माझ्याजवळ, पण आता त्याला धार राहिली नव्हती. निदान विचारा तरी! कुणी विचारलं नाही. रेवती निवांत डबे भरत होती. मला एवढा संताप आला की मी कुणाशी न बोलता गाडीत जाऊन बसले.

संदीपनं गाडी लोणावळ्याला माझ्या बिल्डिंगखाली लावली. बॅग वर नेली, डबे वर नेले, रेवतीच्या मांडीवरची झाकलेली टोपलीही वर गेली; मला वाटलं, भाजीची. मी हातपाय धुऊन बाहेर येते तर हा माझ्या दिवाणखान्यात, दाराकडे तोंड करून, पाय पसरून बसलेला. शेजारी ती टोपली, त्याची गोधडी आणि वाटी. आणि ती दोघं चपला घालून निघालेली.

"अगं, हे काय?" मी म्हटलं. "मला विचारायची काही पद्धत?"

संदीप जिन्याकडे बघायला लागला. रेवती दारातच थांबली. म्हणाली, "आई, सासूबाईंनीच बजावलं होतं. पहिला झटका आला तेव्हा. म्हणाल्या, 'बाईला इचारायचं न्हाई. इचारलं की ती न्हाई म्हनंल, आन् एकदा न्हाई म्हनली की शब्दाची पक्की हाय ती. नुसतं तिच्याम्होरं सोडायचं. उपाशी जीव तिला बगवत न्हाई.'"

मी तिथेच सोफ्यावर बसले. रेवतीला वाटलं, मी चिडले. ती दोघं मुकाट्यानं जिना उतरली.

विचारलं असतंत तर मी नाहीच म्हणाले असते, विहीणबाई. बरं झालं, विचारलं नाहीत.